धबधब्याची स्टेज आणि बाईचा नंबर



कौटुंबिक पानावर व्हिडिओ गेमचा विषय पाहून काही घरांत कपाळाला आठ्या पडतील. पडणे साहजिक आहे. ज्या घरी मुलगा जेवतानाही मोबाईलमधून डोके वर काढीत नाही, त्या घरच्या आईबापांना हा विषयच नकोसा झालेला असतो. आमच्याही घरी आठवीत शिकणारा मुलगा आहे. तेव्हा हे दुखणे आम्हाला परके नाही.

तरीही लिहितो आहोत. कारण २०२५ च्या उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सुट्टीत, आमच्या घरी चार गेम पहिल्या स्टेजपासून अगदी शेवटपर्यंत पूर्ण झाले. कोणी एकट्याने कोपऱ्यात बसून केले नाहीत. घरच्या सगळ्यांनी मिळून, एकमेकांना नंबर देत केले. त्यातले दोन गेम आमच्या लहानपणचे, एक आपल्या पुण्यात तयार झालेला, आणि एक परदेशात गेलेल्या तमिळ कुटुंबाचा. हे गेम आम्हाला कसे वाटले ते सांगावे आणि सांगता सांगता एक जुना हिशेबही चुकता करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तीन आठवड्यांच्या बिड्या

आम्ही तुमसर तालुक्यातले. राईस मिलमध्ये फिटर म्हणून काम करतो. आमच्या लहानपणी घरात बिडीचे काम होते. गोंदिया तेव्हा आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी तो वेगळा झाला. या सबंध पट्ट्यात गावोगाव, ओसरी-ओसरीवर बायका मांडीवर सूप घेऊन बसलेल्या दिसत. आमच्या ओसरीवर आई आणि आमची थोरली बहीण बसत. तिला आम्ही बाई म्हणतो. पान भिजवायचे, कैचीने कापायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा, बोटाच्या टोकाने तोंड मोडायचे. मजुरी हजारावर मिळे, आणि छाट निघाली की तेवढी मेहनत वाया. बाईने सातवीनंतर शाळा सोडली. आम्ही पुढे शिकलो, आयटीआय केले. ज्यांच्या घरी बिडी होती त्यांना ही गोष्ट जास्त उलगडून सांगायची गरज नाही.

१९९६ च्या दसऱ्याला घरचे सगळे दीक्षाभूमीवर गेलो होतो. परत निघताना सीताबर्डीच्या बाजारात एका दुकानात टीव्हीला जोडलेला व्हिडिओ गेम चालू होता. आमचे वय अकरा, बाईचे चौदा. आम्ही तिथेच थांबलो, आणि खरे सांगायचे तर बाई आमच्याहून जास्त वेळ थांबली. आपण इथे बोट दाबतो आणि तिकडे टीव्हीतला माणूस उडी मारतो, याचे तिला फार नवल वाटले. आईने कनवटीचे पैसे मोजले. बाबांनी थोडे घातले. पण बहुतेक पैसे बाईच्या बिड्यांचे होते. घरी आल्यावर तिनेच हिशेब केला, तीन आठवड्यांच्या बिड्या त्या डब्यात गेल्या होत्या.

आता कळते की तो डबा म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या यंत्राची नक्कल होती. ही कंपनी १८८९ साली क्योटो शहरात पत्ते तयार करण्यासाठी सुरू झाली होती. तिच्या यंत्राच्या नकला १९९० च्या सुमारास आपल्या बाजारांत भरपूर येऊ लागल्या. कॅसेटवर ‘९९९९ गेम’ असे छापलेले असे. प्रत्यक्षात पाच-दहा गेम निघत आणि तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा येत. आम्हाला त्याचे काही वाटले नाही. आम्हाला दोनच हवे होते, मारिओ आणि कॉन्ट्रा.

टीव्ही आमचा ब्लॅक अँड व्हाईट. वस्तीतली पोरे जमत. नियम असा होता की जो मरेल त्याने रिमोट पुढच्याला द्यायचा. (कंट्रोलर हा शब्द आम्हाला ठाऊक नव्हता, आम्ही रिमोटच म्हणत असू.) बाई आपल्या बिड्या उरकून, हात धुऊन यायची आणि म्हणायची, “आता माझा नंबर.” तेवढ्यात लाईन जायची. त्या यंत्रात खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. लाईन गेली की सगळे पुसले जायचे. लाईन आली की पहिल्या स्टेजपासून सुरुवात, आणि पहिला नंबर पुन्हा पोरांचा.

आम्ही जे सांगितले नाही

कॉन्ट्रा हा कोनामी कंपनीचा गेम. १९८७ साली तो मोठ्या, नाणी टाकून खेळायच्या यंत्रांसाठी आला आणि १९८८ साली घरच्या टीव्हीवर. दोन शिपाई एका बेटावर उतरतात आणि शत्रूशी लढत पुढे जातात. एकूण आठ स्टेज. एक गोळी लागली की एक लाईफ गेली. त्याची खरी गंमत ही की दोघांनी एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून खेळता येते.

बिनपैशाच्या लाईफ मिळवण्याची त्याची युक्ती गावोगावच्या पोरांना पाठ होती. सुरुवातीच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावे, उजवे, डावे, उजवे, मग बी आणि ए दाबायचे. तीनच्या जागी तीस लाईफ मिळत. ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो नावाच्या जपानी तंत्रज्ञाने १९८६ च्या दुसऱ्या एका गेममध्ये ठेवली होती. तो गेम त्याला तपासायचा होता, आणि तपासण्याइतकाही तो त्याला जमत नव्हता. २०२० साली हाशिमोतो वारला. बनवणाऱ्यालाच जी गोष्ट कठीण वाटली तिथे त्याने एक शिडी लावून ठेवली, आणि पुढे साऱ्या जगाची पोरे त्या शिडीने चढली.

तर या कॉन्ट्राची तिसरी स्टेज धबधब्याची आहे. पहिल्या स्टेजला आडवे चालायचे असते, इथे उड्या मारत वर चढायचे असते. वरून दगड घरंगळत येतात. आणि इथेच एक मेख आहे. पडदा वरच्या गड्याबरोबर वर सरकतो. दोघांतला एक भराभर चढून गेला, की खालचा पडद्याच्या खालच्या काठाखाली जातो आणि मरतो. त्याला गोळी लागलेली नसते, त्याची काही चूक नसते. वरचा थांबला नाही, एवढेच कारण.

एके दिवशी बाई आमच्याबरोबर दुसरा रिमोट घेऊन बसली. दोन स्टेज तिने चांगल्या काढल्या. बिडीवर बसलेली बोटे होती ती, बटणावर चुकत नव्हती. धबधबा आला आणि आम्ही सुसाट वर निघालो. बाई मेली. पुन्हा आली, पुन्हा मेली. वस्तीतली पोरे हसू लागली. कोणी म्हणाले, “बाईले खेळता येत नाई.” आम्हीही हसलो. तिच्या सगळ्या लाईफ तिथेच संपल्या. तिने रिमोट खाली ठेवला, “तूच खेळ” म्हणाली आणि ओसरीवर जाऊन सूप मांडीवर घेतले. त्यानंतर तिने नंबर मागितला नाही.

ती का मरत होती ते आम्हाला ठाऊक होते. आधी एकदा एका मित्राने आम्हाला तसेच मारले होते, तेव्हा कळले होते. आम्ही थांबलो असतो तर ती वर आली असती. आम्ही थांबलो नाही, आणि सांगितलेही नाही.

ही अकरा वर्षांच्या पोराची चूक म्हणून सोडून देता आली असती. पण पुढे आमच्या शाळेच्या, मग आयटीआयच्या फीला जेव्हा जेव्हा बाईच्या बिड्यांचे पैसे लागले, तेव्हा तेव्हा तो धबधबा आम्हाला आठवला आहे.

पुन्हा तोच मारिओ

एप्रिलमध्ये बाई माहेरी आली. तिचे लग्न मोहाडीकडच्या गावात झाले आहे. जावई मिस्त्रीकाम करतात. त्याच सुमारास आमच्या मुलाने बाजारातून तळहाताएवढी एक डबी आणली होती. तिच्यात चारशे जुने गेम भरलेले असतात, एक जादा रिमोट मिळतो आणि वायरने ती टीव्हीलाही जोडता येते. पाच-सहाशे रुपयांत अशा डब्या मिळतात. मुलाने ती चालू केली आणि मारिओचे संगीत वाजले. स्वयंपाकघरातून बाई हात पुसत बाहेर आली. काही बोलली नाही. उभी राहून पाहत होती. मुलाने डबी तिच्या हातात दिली. आम्हाला जे कधी सुचले नाही ते त्याला एका क्षणात सुचले.

सुपर मारिओ ब्रदर्स १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये निघाला. म्हणजे २०२५ मध्ये त्याला ४० वर्षे झाली. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी तो रचला. आठ जगे आणि प्रत्येकात चार, अशा बत्तीस स्टेज आहेत. शंभर नाणी जमली की एक लाईफ मिळते. इतक्या वर्षांनी खेळताना जाणवले ते हे, की हा गेम शिकवतो फार चांगला. पहिल्याच पडद्यावर समोरून एक किडा चालत येतो. उडी मारली नाही तर मरतो, मारली तर वाचतो. कुठे एक अक्षर लिहिलेले नाही. ज्याला वाचता येत नाही त्यालाही हा गेम खेळता येतो. आमची आई आज असती तर तिलाही आला असता.

पहिल्या जगाच्या दुसऱ्या स्टेजमध्ये छतावरून चालत गेले की एक चोरवाट लागते. तिथून एकदम चौथ्या जगापर्यंत उडी घेता येते. आम्ही लहानपणी नेहमी त्याच वाटेने जात असू, कारण लाईन केव्हा जाईल याचा भरवसा नसे. मुलाने ती वाट बाईला दाखवली. बाई म्हणाली, “मधलं काऊन सोडायचं? पैसे पुऱ्याचे दिले ना? मंग पुरा पाहू.” आणि खरोखरच तिने एकही स्टेज न सोडता बत्तीसच्या बत्तीस काढायच्या ठरवल्या.

आठ-नऊ दिवस लागले. दुपारची लाईन जायची, पण डबीत बॅटरी असल्याने खेळ जिवंत राहायचा. रात्री तसाच थांबवून चार्जिंगला लावून ठेवायचो. सगळ्या लाईफ संपल्या तर पहिल्या पडद्यावर ए बटण दाबून ठेवून स्टार्ट करायचे, म्हणजे ज्या जगात मेलो त्याच जगापासून सुरुवात होते, हे मुलाने शोधून काढले. आम्हाला हे लहानपणी कोणी सांगितले असते तर! शेवटचा किल्ला म्हणजे नळ्यांचा चकवा आहे. चुकीच्या नळीत शिरलो की पुन्हा मागच्याच जागी येतो. बाईने दारामागच्या कॅलेंडरच्या पाठीवर नळ्यांचा नकाशा काढला आणि त्यावरून वाट काढली. राजकन्या सुटली, आभार मानून झाले, आणि तोच खेळ अधिक कठीण होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. बाई म्हणाली, “एवढ्या दिवसात ते राजकन्या सोतानंच निंगून आली असती.”

आमचे मत विचाराल तर मारिओ आजही उत्तम आहे. मात्र बाईच्या बोलण्यात तथ्य आहे. राजकन्येला बसून राहण्याखेरीज त्यात दुसरे कामच नाही.

स्वतः निघालेली मुलगी

ते ऐकून आमच्या मुलीने लॅपटॉप काढला. ती नागपूरला शिकते. लॅपटॉप कॉलेजसाठी हप्त्याने घेतलेला आहे. “आत्या, असा गेम आहे,” म्हणून तिने ‘राजी’ लावला.

‘राजी’ पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने केला. २०१७ साली त्यांनी लोकांकडून वर्गणी मागून पाहिली, ठरवलेली रक्कम जमली नाही. तरी त्यांनी काम सोडले नाही. ऑगस्ट २०२० मध्ये गेम निघाला आणि त्याच वर्षी अमेरिकेतल्या गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या कृतीच्या पुरस्कारासाठी त्याचे नामांकन झाले. पुढे हिंदी आवाजाची आवृत्तीही आली. आम्ही ती खेळलो, म्हणून घरात सगळ्यांना कळला. मराठी आवाज नाही, याची मात्र रुखरुख वाटली. पुण्यात झालेला गेम, तो मराठी बोलला असता तर बरे वाटले असते.

गोष्ट अशी आहे. राजी आणि तिचा भाऊ गोलू ही अनाथ भावंडे. ती कसरती करते, तो बाहुल्यांचा खेळ करतो. राखीच्या दिवशी राक्षस येतात आणि मुलांना पळवून नेतात. बहीण भावाला शोधायला निघते. भिंतीवरून धावते, खांबाभोवती गरगर फिरते, त्रिशूळ आणि धनुष्य घेऊन लढते. पहाडी चित्रांसारखी रंगवलेली पडदे-चित्रे, राजस्थानी किल्ल्यांसारखे वाडे, मधली गोष्ट छायाबाहुल्यांतून सांगितलेली. डोळ्यांना मेजवानी आहे, यात शंका नाही.

उणेही आहे. कॅमेरा आपल्या हातात नसतो, त्यामुळे उडीचा अंदाज चुकतो आणि पोरगी दरीत पडते. मारामारी पुढे पुढे तीच ती वाटते. शेवट तर असा तुटक आहे की मुलगा म्हणाला, “लाईन गेली काय?” चित्रे फिरवून जुळवायची कोडी मुलीने सोडवली, लढाया मुलाने केल्या आणि कुठून कुठे चढायचे ते बाई मागून सांगत होती. तिघांची तीन कामे आपोआप वाटली गेली.

गेममध्ये देवी आणि विष्णू राजीला शस्त्रे देतात, तिच्याविषयी आपसांत बोलतात. आमच्या घरात हे देव नाहीत. मुलाने विचारले, “मग आपण हा खेळायचा का?” आम्ही उत्तर शोधत होतो तोवर बाईच बोलली, “देवानं दिलं म्हनतेत तं म्हनू दे. धावते तं पोरगीच ना?” मुलाचे समाधान झाले. आमचेही झाले. ज्या मुलीचे आईबाप नाहीत, जिच्यामागे कोणी नाही, ती भावासाठी अख्खा किल्ला पालथा घालते, ही गोष्ट आपल्या ओसरीवर बसलेल्या बहिणींना कळायला कोणत्याही पुराणाची गरज नाही.

फाटलेली वही

चौथा गेम सर्वांत लहान, दीडेक तासाचा. त्याचे नाव ‘वेंबा’. कॅनडातल्या टोरंटो शहरातील विसाई गेम्सने तो ३१ जुलै २०२३ रोजी काढला आणि २०२४ मध्ये त्याला इंग्लंडचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. यात कोणी कोणाला मारत नाही, पळत नाही. वेंबा नावाची तमिळ बाई १९८० च्या दशकात नवऱ्याबरोबर कॅनडाला गेलेली आहे. तिच्याजवळ आईने लिहिलेली स्वयंपाकाची वही आहे. पण वही फाटली आहे, कुठे अक्षरे पुसली आहेत. राहिलेल्या खुणांवरून पदार्थ जुळवायचा, हाच खेळ. इडलीची ताटली एकीवर एक कशी ठेवली म्हणजे वाफ सगळीकडे जाईल, पुट्टूचे पीठ आणि खोबरे कोणत्या क्रमाने भरायचे, असली कोडी. चुकले तर पुन्हा करता येते. मुलगा मोठा होतो, इंग्रजीत उत्तरे देऊ लागतो, आईच्या भाषेपासून आणि डब्यातल्या जेवणापासून दूर जातो. पुढचे सांगत नाही, पण आमच्या मुलीला मधेच चष्मा पुसावा लागला.

संवाद इंग्रजीत आहेत. मुलगी वाचून मराठीत सांगत होती. गेम संपल्यावर बाई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “तिच्या मायनं लिहून तं ठेवलं होतं.” आमच्या आईला लिहिता येत नव्हते. लाखोळीच्या डाळीचे वडे, वांग्यातले सुके झिंगे, पावसाळ्यासाठी वाळवून ठेवायच्या भाज्या, तिचे सारे तिच्या हातातच होते आणि तिच्याबरोबर गेले. जेवढे उरले तेवढे बाईच्या हातात आहे. त्या रात्री मुलीने वही काढली, बाई सांगत गेली आणि मुलगी लिहीत गेली. “मीठ किती?” “अंदाजानं.” “अंदाज म्हणजे किती, आत्या?” असे दोन तास चालले. पंधरा पाने भरली. एका गेमने आमच्या घराला दिलेली ही वस्तू आहे. आम्ही तिला पुठ्ठा घातला आहे.

पालकांसाठी दोन शब्द

इथे एक गोष्ट स्पष्ट करणे आम्हाला गरजेचे वाटते. वर सांगितलेले चारही गेम एकदा घेतले की संपले. ते पुन्हा पैसे मागत नाहीत, आणि त्यांना शेवट आहे. मोबाईलवरचे बरेच गेम असे आहेत की ज्यांना शेवटच नसतो. रोज बोलावतात, कपडे आणि बंदुका विकतात. त्याहून वाईट म्हणजे पैसे लावून खेळायचे. अशा खेळांत आपल्या वस्त्यांतल्या तरुणांची कमाई गेलेली आम्ही पाहिली आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणे आणि त्यांची जाहिरात करणे त्यात गुन्हा ठरवले आहे. शिक्षा चालवणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्याला नाही. तेव्हा मुलगा फसला असेल तर भीतीपोटी लपवू नका, त्याच्याशी बोला.

मोबाईल हिसकावण्याआधी एकदा मुलाजवळ बसून विचारा, हा गेम संपतो का? यात दुसऱ्याला नंबर देता येतो का? आणि घरात मुलगी असेल तर हेही पाहा, की तिच्या हाती रिमोट किती वेळा येतो.

धबधबा

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात बाई परत जायला निघणार होती. कॉन्ट्रा राहिला होता. मुलगा दोनदा म्हणाला, “बाबा आणि आत्या, तुम्ही दोघे खेळा.” आम्ही काही ना काही काम काढत होतो. तिसऱ्या दिवशी काम उरले नाही.

डबी आमच्या हातात, जादा रिमोट बाईच्या. वर, वर, खाली, खाली करून तीस-तीस लाईफ घेतल्या. पडदा रंगीत. पहिली स्टेज सुरू झाली आणि बाई ओरडली, “अगा, माझ्यावाल्याची पँट लाल हाये!” आमच्याकडच्या ब्लॅक अँड व्हाईटवर दोन्ही शिपाई सारखेच राखाडी दिसत, आणि मी कोणता, तू कोणता, यावरून भांडणे होत. पहिल्या गड्याची पँट निळी आणि दुसऱ्याची लाल असते, हे आम्हा दोघांनाही २९ वर्षांनी कळले.

दोन स्टेज झाल्या. धबधब्याचा पडदा आला तसा आम्ही खेळ थांबवला आणि तिला सांगितले. पडदा कसा सरकतो ते सांगितले, त्या दिवशी काय झाले ते सांगितले, आणि आम्हाला ते ठाऊक होते हेही सांगितले. मुले ऐकत होती. बाईने रिमोटकडे पाहिले, मग टीव्हीकडे.

“म्हंजे मी मरत नव्हती,” ती म्हणाली, “तू मारत होता.”

आम्ही हो म्हटले.

“आन मी समजत होती, मले येतच नाई.”

यावर बोलण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “चालू कर. पन आता मी म्हनीन तवा चढायचं.”

तसेच केले. ती एका खडकावर पोहोचली की “ये” म्हणायची, मग आम्ही. आम्ही पुढे असलो तर थांबायचे, ती वर आली की पुढे. दगड चुकवताना आमच्याच दोन लाईफ गेल्या, तिची एक. स्टेज निघाली. मुलाने टाळ्या वाजवल्या. पण बाईला टाळ्या नको होत्या, तिला पुढची स्टेज हवी होती.

सगळा गेम त्या दिवशी झाला नाही. बर्फाची स्टेज, यंत्रांची स्टेज, यांत तिसाच्या तीस लाईफ संपल्या. चार संध्याकाळी लागल्या. बाई लाईफ मोजायची ती बिड्या मोजल्यासारखी. किती गेल्या नाही, किती उरल्या ते सांगायची. चौथ्या संध्याकाळी शेवटच्या गुहेत पोहोचलो. तिथे भिंतीत एक किळसवाणे हृदय धडधडत असते. त्यावर शेवटची गोळी बाईची लागली की आमची, हे सांगता येणार नाही. आम्ही तिचीच धरतो. बेट उडाले, हेलिकॉप्टर निघाले, नावे येऊ लागली.

“बस? झाला?” बाईने विचारले.

“झाला.”

ती उठली नाही. आमच्या हातातली डबी तिने घेतली आणि आपला रिमोट आमच्याकडे सरकवला.

“पुन्हा लाव,” म्हणाली. “आता निळा माझा.”